सैल सांधे, वाकडा कणा आणि माझा व्यायाम

‘अंग एवढं लवचिक, मग योगासनं सोपीच की!’ असं सगळे म्हणायचे. पण माझ्या सांध्यांना ताण नको, आधार हवा. सांधे किती सैल आहेत हे मोजणाऱ्या बायटन चाचणीत ९ पैकी ७ गुण, शिवाय कण्याला बाक. फिजिओथेरपिस्टने स्ट्रेचिंग जवळपास बंदच केलं.

उभं राहताना गुडघे मागे ढकलायचे नाहीत, किंचित सैल ठेवायचे. हेच सगळ्यात अवघड गेलं, कारण मागे गेलेला गुडघा मला सरळच वाटतो! म्हणून आरशाला बाजू करून उभी राहते. कोपराचंही तेच. भिंतीवर हात टेकून सावकाश पुशअप, हलका रबर बँड, पोट-पाठीच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम. बाक आहे तसाच आहे, पण संध्याकाळची पाठदुखी बरीच उतरली. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर मात्र व्यायाम थांबवून थेट डॉक्टरांकडे.