पीव्हीसी पाइप कापल्यावर काठ कसा साफ करावा?

आंबिया बहाराचा ताण तोडायची, म्हणजे फुलोऱ्यासाठी थांबवलेलं पाणी पुन्हा सुरू करायची वेळ आली, की संत्र्याच्या वावरात उंदरानं कुरतडलेला नाहीतर कुदळ लागलेला ठिबकचा पाइप सापडतोच. तो कापून सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचं द्रावण) लावून जोडायला दहा मिनिटं पुरतात. मी तसंच केलं होतं. पुढं एका ओळीतली सहा झाडं कोरडी राहिली. ड्रिपर (झाडापाशी पाणी थेंबथेंब सोडणारी तोंडं) उघडले, तर आत करडा कीस. फिल्टर त्याच सकाळी धुतला होता. पण फिल्टर असतो मोटरीपाशी, त्याच्या पुढं आपणच पाडलेला कीस तो अडवणार कसा?

आधी काप सरळ घ्या. वर्तमानपत्राची पट्टी पाइपभोवती गुंडाळा, तिची कड कडेला जुळवा आणि त्या रेषेवर खूण करा. इंचाला 24 दात असलेलं एक्साब्लेड घ्या. जाड दातांचं पान काठ फाडतं.

आता खरं काम. कापलेल्या तोंडाला आतून-बाहेरून धारदार झालर उरते, तिला फिटर लोक ‘बर’ म्हणतात. पाइपचं तोंड खाली झुकवा, म्हणजे कीस आत न जाता बाहेर पडेल. आतली बर अर्धगोल कानशीनं किंवा चाकूच्या पात्यानं हलकेच खरवडा. बाहेरून कानस तिरपी धरून दोन-तीन मिलिमीटर उतार द्या. हा उतार बहुतेकजण टाळतात. मग धारदार काठ सॉकेटमधलं (पाइप ज्यात बसतो त्या तोंडातलं) सोल्युशन खरवडून आत ढकलतो, जोड कोरडा राहतो आणि दाब आला की गळतो. शेवटी घासपेपर फिरवा, पण काठापुरताच. अख्खं टोक घासत बसलात तर पाइप सॉकेटमध्ये ढिला होईल.

काठ साफ झाला का, हे बोटानं पाहू नका, कापेल. आपल्याकडं कापसाला काय तोटा! बोंडातला चिमूटभर कापूस काठावरून आत-बाहेर फिरवा. जिथं तंतू अडकला, तिथं बर आहे.

मग टोक कोरड्या फडक्यानं पुसा, दोन्हीकडं सोल्युशन लावा, पाव वेढा फिरवत पाइप बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर तो मागं सरकतो.

सोल्युशनच्या डब्यावर वाळायला जेवढा वेळ लिहिलाय, तेवढं थांबा. मोटर सुरू करण्याआधी सबमेनचा (ओळींना पाणी वाटणाऱ्या पाइपचा) फ्लश व्हॉल्व्ह, म्हणजे घाण बाहेर सोडायची तोटी, आणि लॅटरलची (झाडांच्या ओळीतल्या बारीक नळ्यांची) टोकं उघडा. पाणी नितळ येईस्तोवर वाहू द्या, मगच टोकं बंद करा.