तारेचं आणि क्रेप पेपरचं छोटं तामण, घरच्या घरी

फुललेलं शोभेचं झाड करायचं म्हटलं की सगळे गुलाबी चेरी ब्लॉसमच करतात, छान दिसतं तेही, पण मला विचाराल तर एकदा तामण करून बघा. आपलं राज्यफूल आहे, एप्रिल-मे मध्ये ऐन उन्हात जांभळं होऊन उभं असतं आणि क्राफ्टसाठी तर फारच सोयीचं, कारण तामणाच्या पाकळ्या मुळातच चुरगळलेल्या, कडेला झालरीसारख्या असतात आणि क्रेप पेपर आपोआप तसाच दिसतो, मुद्दाम काही करावं लागत नाही.

सामान असं लागेल: हार्डवेअरच्या दुकानात सळया बांधायची बाइंडिंग वायर मिळते ती, पकड, फेविकॉल, टिश्यू पेपर, जांभळा आणि हिरवा क्रेप पेपर, पोस्टर कलर, थोडा रवा, राजगिरा, मोहरी, थोडं पीओपी आणि नारळाची एक करवंटी. दिवाळीची मोठी पणती असेल तर तीही चालेल, लहान पणती नको, झाड कलंडतं.

सगळ्यात जास्त वेळ फांद्यांना द्या, फुलं नंतर. फांद्या नीट नसल्या तर वर कितीही फुलं चिकटवा, तो गुच्छ दिसतो, झाड दिसत नाही. तारेचे साधारण २५ सेंमीचे २४ तुकडे कापा आणि एकत्र धरा. खालचे ४ सेंमी मुळांसाठी मोकळे सोडा, त्याच्या वरचे ६ सेंमी पकडीने घट्ट पिळा, हे झालं खोड. मग ६-६ तारांचे चार भाग करा, प्रत्येक भाग ३-४ सेंमी पिळा, पुढे त्याचे २-२ तारांचे तीन भाग करून परत थोडं पिळा आणि शेवटी एकेक तार सुटी करा. चारही फांद्या एकाच उंचीवर फुटू देऊ नका, एखादी खालून, एखादी वरून, आणि टोकं कमीजास्त कापा. टोकं वरच्या बाजूला वळवायची हे विसरू नका, तामणाचे तुरे फांदीच्या शेंड्याला आणि उभे असतात, बहाव्यासारखे खाली लोंबत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर ते तामण वाटतं. तारेची टोकं बोचतात म्हणून मुलं सोबत असतील तर हा भाग मोठ्यांनीच करा.

आता पीओपी दाटसर कालवून करवंटीत ओता आणि मुळं पसरवून झाड त्यात उभं धरा, दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. उरलेलं पीओपी सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो, भांड्यातच वाळू द्या आणि मग कचऱ्यात टाका. खोडासाठी फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालायचं, टिश्यूच्या पट्ट्या त्यात भिजवून तारेवर गुंडाळायच्या, खाली जाड वर पातळ. तामणाचं खोड आंब्यासारखं खडबडीत नसतं, बऱ्यापैकी गुळगुळीत आणि करड्या-तपकिरी रंगाचं, म्हणून बोट ओलं करून पट्ट्या सपाट करा. रात्रभर वाळू द्या, मगच रंगवा. करड्या रंगावर कोरड्या ब्रशने इथेतिथे फिकट पिवळसर हात मारला की साल सुटल्यासारखी दिसते.

फुलांच्या मापाचा थोडा विचार करावा लागतो. खरं झाड १५ मीटरचं धरलं आणि आपलं १५ सेंमीचं, तर ६ सेंमीचं फूल अर्ध्या मिलीमीटरहून जरा मोठं करावं लागेल, ते कोणाच्याच हाताने होणार नाही. म्हणून फूल ६-७ मिमीचं करायचं पण संख्या कमी ठेवायची, एका तुऱ्यात ५-६ पुरे, आणि ७-८ शेंडे तर नुसत्या पानांचेच सोडा. क्रेप पेपरचे १ सेंमीचे चौकोन कापा, मधोमध टूथपिकचं टोक ठेवून कागद त्याभोवती पिळा, खालच्या टोकाला जाड फेविकॉल लावून तारेवर बसवा आणि वरची कड बोटाने उलगडा. इथे फेविकॉलमध्ये पाणी अजिबात घालू नका, क्रेप पेपरचा रंग सुटतो. याच गोष्टीचा फायदाही घेता येतो, थोडा कागद आधीच पाण्यात बुडवून वाळवला की फिका होतो, आणि तामणात तुऱ्याची खालची फुलं आधी उमलतात आणि जुनी झाली की फिकी पडतात, तर खाली फिका कागद आणि वर गडद असं लावा, फार खरं वाटतं. शेंड्याला कळ्या म्हणून हिरवट-तपकिरी रंगवलेला राजगिरा चिकटवा. फुलाच्या मध्यभागी पिवळे केसर असतात त्यासाठी पिवळ्या पोस्टर कलरमध्ये रंगवून वाळवलेला रवा चिमूटभर टाका, हळदीने रंगवू नका, उजेडात ती उडून जाते.

पानं लांबट, सेंटीमीटरभर, मधोमध घडी घालून, तुऱ्याच्या खाली तीन-चार. एकदोन फांद्यांवर मोहरी चिकटवा, तामणावर मागच्या वर्षीची गोल तपकिरी फळं वाळून तशीच राहिलेली असतात, ती झाली. बुंध्याशी धुऊन कडक वाळवलेला चहाचा चोथा माती म्हणून पसरा आणि त्यावर दोनचार जांभळे तुकडे पडू द्या.

मोहरी आणि राजगिऱ्यावर फेविकॉलचा पातळ हात द्या म्हणजे किडे लागत नाहीत, फुलांना मात्र ब्रश लावू नका. झाड खिडकीच्या थेट उन्हात ठेवलं तर क्रेप पेपर विटतो, आणि पावसाळ्यात दमट हवेने मऊ पडतो, तेव्हा ते चार महिने काचेच्या कपाटात ठेवा, धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं नको.