तीव्र स्वादुपिंडदाहात तांबड्या पेशींच्या आवरणातील मेद मोजण्यासाठी नमुना कसा तयार करावा
तीव्र स्वादुपिंडदाहात (स्वादुपिंडाला अचानक आलेल्या सुजेत) रक्तात वाढलेले फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर (एन्झाइम) पेशी-आवरणातील लेसिथिन या मेदाचे विघटन करून लायसोलेसिथिन बनवते, आणि आपल्याला हाच बदल मोजायचा असल्याने नळीत नवे विघटन होऊ न देणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. या विकराला कॅल्शियम लागते, म्हणून कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या ईडीटीएच्या नळीत, शिरेतून मेदद्रावण सुरू करण्यापूर्वीच, रक्त घ्यावे आणि ४ अंश सेल्सिअसला सेंट्रीफ्यूज करावे (यंत्रात वेगाने फिरवून थर वेगळे करावेत). प्लाझ्मा व पांढऱ्या पेशींचा थर काढून तांबड्या पेशी थंड ०.९ टक्के सलाईनने तीनदा धुवाव्यात. ट्रायग्लिसराइड वाढून प्लाझ्मा दुधाळ झाला असेल, तर वरचा द्रव नितळ होईपर्यंत धुणे थांबवू नये. मग मिठाचे प्रमाण कमी असलेल्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पेशी फोडून आवरणे वेगळी करावीत आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या २:१ मिश्रणाने मेद काढावा.

नमुना साठवायचा असल्यास तो उणे ८० अंशांवरच ठेवावा, कारण उणे २० अंशांवर हिमोग्लोबिनमधील लोहामुळे बहुअसंपृक्त मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण चालूच राहते आणि ती हानी आजाराची खूण समजली जाऊ शकते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्या आवरणातील मेदावर त्या काळातील आहाराचा परिणाम होतो. त्यामुळे रुग्णाच्या मागील तीन-चार महिन्यांतील आहाराची व मद्यपानाची नोंद नमुन्यासोबत अवश्य ठेवावी.