स्लायडिंग मायटर सॉ: ओढायची नाही, ढकलायची

स्लायडिंग मायटर सॉ म्हणजे फळी हव्या त्या कोनात आडवी कापणारी, दांड्यांवर (रेलवर) पुढे-मागे सरकणारी विजेची करवत. ती पहिल्यांदा हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. फळी ठेवतो, करवत खाली दाबतो आणि हँडल धरून स्वतःकडे ओढतो. हाताला ते साहजिक वाटतं. या यंत्रावर मात्र काप नेमका उलट्या दिशेनं घ्यायचा असतो. का, ते एकदा नीट समजलं की बाकीचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पात्याच्या वरच्या गार्डवर (झाकणावर) बाण असतो तो बघा. तुमच्या बाजूचे दाते वरून खाली येतात, तळाशी ते तुमच्यापासून लांब फेन्सकडे (फळी जिला टेकवतात त्या मागच्या उभ्या पट्टीकडे) जातात आणि मागच्या बाजूनं वर चढतात. म्हणजे दाते लाकडाला फेन्सवर रेटत असतात आणि लाकूड तेवढ्याच जोरानं पात्याला तुमच्याकडे परतवत असतं. तुम्ही करवत फेन्सकडे ढकलता तेव्हा हा जोर तुमच्या हाताच्या विरुद्ध येतो, त्यामुळे वेग तुमच्या ताब्यात राहतो. ओढता तेव्हा हा जोर आणि तुमची ओढ एकाच दिशेला जातात. पातं लाकडावर चढतं आणि सगळं हेड (मोटर आणि पात्याचा सरकता भाग) एका झटक्यात अंगावर येतं. २५५ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल तर दात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर होतो, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगापुढे हात मागे घ्यायला सवड मिळत नाही.

मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझं ठाम मत असं की सुरक्षित काप आणि बिनचूक काप या दोन वेगळ्या गोष्टी शिकायच्या नसतात. लाकूड हललं की बोटालाही धोका आणि मापालाही. पुढचं सगळं लाकूड न हलू देण्याबद्दलच आहे.

अंगावर काय असावं, काय नसावं

डोळ्यांवर बाजू झाकणारा गॉगल, कानांवर मफ किंवा प्लग आणि नाकातोंडावर धुळीचा चांगला मास्क. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, त्यामुळे मास्क नंतर कधीतरी बघू असं करू नका. यंत्राची पिशवी अर्धीच धूळ पकडते, व्हॅक्यूम जोडला तर फरक जाणवतो.

हातमोजे घालू नका. दात्याला मोज्याचा एक धागा लागला तर मोज्याबरोबर हातही ओढला जातो. लांब बाह्या, ओढणी, घड्याळ, कडं, अंगठी, मोकळे केस हे सगळं आधीच आवरा.

पातं

व्यास आणि मधलं भोक यंत्रावर लिहिलेलं असेल तेच हवं. पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून जास्त असला पाहिजे. रफ कामाला २४ ते ४० दात्यांचं चालतं, चौकटी आणि पट्ट्यांच्या साफ कापाला ६० ते ८० दाते लागतात. दाते पुढे फार झुकलेले असले तर ते लाकूड ओरबाडत पुढे पळतात, म्हणून स्लायडिंग सॉसाठी उभट किंवा किंचित मागे झुकलेल्या दात्यांचं पातं घ्यावं. टेबल सॉचं (टेबलातून वर येणाऱ्या पात्याच्या करवतीचं) लाकूड लांबीत फाडायचं पातं उचलून यावर बसवू नये.

लोखंड कापायची घासणारी चकतीही यावर कधीच लावायची नाही. या यंत्राचा गार्ड त्या चकतीसाठी बनवलेला नसतो, आणि ठिणग्या थेट भुशाच्या पिशवीत जातात.

पातं बदलताना आधी प्लग काढा, नुसतं बटण सोडून भागत नाही. बहुतेक यंत्रांवर पात्याच्या बोल्टचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर तो सैल होतो. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून उलट आवळत बसतो.

गुण्यात आणणं

नवीन यंत्र डब्यातून काढलं की शून्यावर अगदी काटकोन असेल असं गृहीत धरू नका. प्लग काढून हेड खाली लॉक करा आणि गुण्याची (काटकोन तपासायच्या साधनाची) एक बाजू फेन्सला, दुसरी पात्याच्या सपाट अंगाला टेकवा. गुण्या दात्यावर येता कामा नये, कारण दात्यांची टोकं पात्याच्या अंगापेक्षा जाड असतात. तो दोन दात्यांच्या मधल्या जागेत बसवा. मग तोच गुण्या टेबलावर उभा धरून पातं टेबलाशी काटकोनात आहे का तेही बघा.

गुण्यापेक्षा खरी परीक्षा लाकूड घेतं. दोन्ही कडा समांतर असलेली शक्य तितकी रुंद फळी घ्या आणि मधोमध कापा. उजवा तुकडा पालथा करा, म्हणजे त्याची फेन्सकडची कड तुमच्याकडे येईल. आता दोन्ही तुकडे सरळ पट्टीला लावून कापलेली तोंडं एकमेकांना भिडवा. फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट आहे. १५० मिलिमीटर रुंद फळीवर अर्ध्या अंशाची चूक सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. ती नजरेतून सुटू शकते, पण पालथ्या तुकड्याशी भिडवल्यावर अडीच मिलिमीटरची फट उघडते आणि ती दिसतेच. फेन्सचे किंवा कोनाच्या पट्टीचे बोल्ट सैल करून दुरुस्त करा आणि पुन्हा कापून बघा. मी हे दोन-तीनदा तरी करतो.

एवढं बारीक कशाला, असं वाटेल. चार कोपऱ्यांची एक चौकट घ्या. तिच्यात ४५ अंशांचे आठ काप असतात. प्रत्येक काप फक्त पाव अंशानं चुकला तरी आठ कापांची मिळून चूक दोन अंश होते. पट्टी ५० मिलिमीटर रुंद असेल तर कोपऱ्याचा तिरका काप सुमारे ७१ मिलिमीटर लांब असतो. तीन कोपरे छान जुळतात आणि चौथ्यात अडीच मिलिमीटरची फट राहते, म्हणजे जवळपास सूतभर. मग माणूस शेवटच्या तुकड्याला दोष देतो, पण चूक पहिल्या कापापासून साठत आलेली असते.

कोनाच्या टेबलावर ०, १५, २२.५, ३०, ४५ अशा खाचा असतात आणि त्यांत टेबल खटकन बसतं. खाचेवर विसंबून न राहता लॉकचं हँडल दर वेळी आवळा. खाचेबाहेरचा कोन लावताना टेबल नेहमी एकाच बाजूनं फिरवत त्या आकड्यावर आणा, म्हणजे यंत्रातला बारीक ढिलेपणा दोन्ही कापांत सारखा राहतो. आणि पातं बेव्हलमध्ये (टेबलाशी तिरकं) झुकवण्याआधी फेन्सची वरची सरकती पट्टी बाहेर सारा, नाहीतर पातं तिच्यावर आपटेल. प्लग काढूनच हेड एकदा रिकामं खाली-वर करून बघा.

फळी बसवणं

टेबल आणि फेन्स आधी ब्रशनं झाडा. फेन्सच्या कोपऱ्यात अडकलेली एक ढलपीसुद्धा फळीला तिरकं करते, आणि मग यंत्र कितीही गुण्यात असलं तरी उपयोग नसतो.

आता फळी डोळ्यासमोर धरून तिच्या कडेवरून नजर टाका. वाकलेली असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सला लावा, कारण कापाच्या जागी फळी फेन्सला टेकलेली असायला हवी. पोकळ बाजू फेन्सकडे ठेवली तर कापताना फळी मध्ये दबते, कापाची फट मिटते आणि पातं चिमटलं जातं. टेबलावर ठेवतानाही तेच तत्त्व: कापाच्या रेषेखाली पोकळी राहता कामा नये. फळी डुगडुगत असेल तर ती या यंत्रावर कापायची नाही, आधी रंध्यानं सरळ करायची.

लांब फळीचं लोंबणारं टोक टेबलाच्या नेमक्या उंचीच्या आधारावर ठेवा. दुसऱ्या माणसाला टोक धरायला सांगू नका. काप संपताना तो नकळत उचलतो आणि फट मिटते.

फळी यंत्राच्या क्लॅम्पनं आवळा. हातानंच धरायची असेल तर पात्यापासून किमान १५० मिलिमीटर लांब धरा. यंत्रावर लाल पट्टा काढलेला असेल तर तीच तुमची हद्द. डावा हात उजवीकडे आणि उजवा हात हँडलवर, अशी हातांची कात्री कधीही नको. उजव्या बाजूनं धरायचं असेल तर हँडल डाव्या हातानं धरा. तुमचं अंग पात्याच्या रेषेत नको, जरा बाजूला उभे राहा.

रेघ आणि पात्याची जाडी

पातं स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं, साधारण दोन ते तीन मिलिमीटर. म्हणून रेघेवर नव्हे, रेघेच्या टाकाऊ बाजूला कापायचं. टाकाऊ बाजूवर पेन्सिलीनं फुली मारा. ही सवय मला अनेक फळ्या वाया घालवल्यावर लागली. पहिला काप रेघेपासून एक मिलिमीटर लांब घ्या आणि मग फळी केसभर सरकवत रेघेपर्यंत या. लेझर असेल तर तो अंदाजासाठी ठीक आहे. पात्याची खरी जागा कळते ती यंत्र बंद असताना हेड खाली आणून दात्याचं टोक रेघेशी लावल्यावर.

प्रत्यक्ष काप

१. फळी पात्याच्या व्यासाच्या मानानं अरुंद असेल तर हेड मागे फेन्सकडे लॉक करा आणि नुसतं वरून खाली कापा. सरकवायची गरज नसताना सरकवू नका.

२. रुंद फळी असेल तर बटण दाबण्याआधी हेड वरच्या वर पूर्ण स्वतःकडे आणा. पातं लाकडाला शिवलेलं नसावं.

३. बटण दाबा आणि पातं पूर्ण वेग घेईपर्यंत थांबा. आवाज चढत जातो आणि एका सुरावर स्थिरावतो, तोवर थांबायचं.

४. हेड सावकाश खाली दाबा. पातं फळीच्या पुढच्या कडेत उतरून टेबलाच्या खाचेपर्यंत जाऊ द्या.

५. आता एकसारख्या संथ जोरानं फेन्सकडे ढकला. मोटरचा आवाज पडत असेल तर तुम्ही घाई करताय. जळका वास येत असेल तर पातं बोथट आहे, किंवा तुम्ही फार रेंगाळताय.

६. काप संपला की बटण सोडा, हेड खालीच धरून ठेवा आणि पातं पूर्ण थांबल्यावरच वर उचला.

सहाव्या पायरीत सगळ्यात जास्त टाळाटाळ होते. ब्रेक नसलेलं पातं थांबायला बरेच सेकंद घेतं आणि तेवढे थांबणं जिवावर येतं. पण फिरतं पातं वर येताना मागचे दाते वरच्या दिशेनं जात असतात आणि सुटा पडलेला तुकडा ते सोबत उचलतात. शिवाय वर येताना कापलेल्या तोंडाला पुन्हा घासून जातात. काप आरशासारखा हवा असेल तरीही थांबायलाच हवं.

छोटे तुकडे आणि स्टॉप

एकाच मापाचे वीस तुकडे हवे असतील तर फेन्सला लाकडाचा ठोकळा स्टॉप म्हणून लावतात. एकदा मी चाळीस मिलिमीटरचे तुकडे पाडत होतो आणि स्टॉप सुट्या पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला घट्ट लावला होता. सहा-सात तुकडे नीट पडले. पुढचा पात्याच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये जरासा तिरका झाला, धाडकन आवाज आला आणि तुकडा मागच्या भिंतीवर आदळून माझ्या कानाजवळून परत आला. मला लागलं नाही. पण तेव्हापासून नियम पक्का: स्टॉप फक्त धरलेल्या बाजूला, आणि सुटा तुकडा नेहमी मोकळा.

ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्याला तासून छोटी खाच करा, भुसा तिथं साचेल आणि माप बदलणार नाही. छोटा तुकडा हवा असेल तर तो लांब फळीतून शेवटचा काप म्हणून काढा. वीतभर लांबीचा तुकडा हातात धरून कापायला जाऊ नका. गोल दांडा गरगर फिरतो, त्याला व्ही आकाराच्या ठोकळ्यात क्लॅम्प करा. आणि फळी रेषांच्या दिशेनं लांबीत फाडायचं काम या यंत्राचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही.

कडा उसवत असतील तर फेन्सला आणि टेबलावर पातळ प्लायचा तुकडा लावून त्यातून एक काप घ्या. पात्याच्या नेमक्या जाडीची खाच तयार होते आणि लाकडाच्या रेषांना मागून आधार मिळतो.

काम संपल्यावर

प्लग काढा. पात्यावर चिकटलेलं डिंकासारखं राळ ब्रशनं आणि क्लीनरनं काढा. राळ साचलं की दाते धारदार असूनही पातं तापतं आणि काप जळतो. रेलवरचा भुसा पुसा, म्हणजे हेड अडखळत सरकणार नाही. शेवटी खालचा गार्ड हातानं वर उचलून सोडा. तो लगेच आणि पूर्ण खाली यायला हवा. अर्ध्यावर अडकत असेल तर त्याला दोरीनं बांधून काम पुढे रेटू नका. स्प्रिंग साफ होईपर्यंत किंवा बदलेपर्यंत ते यंत्र पुन्हा प्लगला लावायचं नाही.