फॅमिली डॉक्टर आणि प्रजनन आरोग्य : नव्याने येणाऱ्या डॉक्टरांसाठी

प्रजनन आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचे असेल तर स्त्रीरोगशास्त्रातच पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते, असे एमबीबीएस पूर्ण करणारे बहुतेक विद्यार्थी गृहीत धरतात. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील कामगार वस्तीत फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना मला मात्र उलट अनुभव आला. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचे हे स्त्रीने ठरवण्याच्या कितीतरी आधी ती आपल्याकडे आलेली असते, आणि तीही बहुधा वेगळ्याच कारणाने. मुलाच्या खोकल्याचे औषध घेऊन झाले, सासूबाई बाहेर चपला घालू लागल्या, की दाराशी थांबून ती हळूच विचारते, “डॉक्टर, अंगावरून पांढरं जातंय, ते कमजोरीनं असतं का?” त्या क्षणी तिला पुन्हा खुर्चीवर बसवणे, दार लावून घेणे आणि पुढच्या रुग्णाला थोडे थांबायला सांगणे हे आपल्या कामाचे पहिले कौशल्य आहे. ते कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही.

माझी वाट सरळ होती. बॉण्डची, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा सुरगाणा तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली आणि त्यानंतर मी फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी हे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. त्यात मेडिसिन, बालरोग, शस्त्रक्रिया अशा विभागांबरोबर स्त्रीरोग व प्रसूती विभागातही काम करावे लागते. तेथे केवळ केसपेपर लिहून दिवस काढू नयेत, अशी माझी कळकळीची सूचना आहे. स्पेक्युलम (योनिमार्ग आतून पाहण्याचे साधन) वापरून तपासणी आणि तांबी (कॉपर-टी) बसवणे वरिष्ठांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने, हात बसेपर्यंत करावे. कॉपर-टी ३८०ए दहा वर्षे काम करते, हे स्त्रीला सांगणे सोपे असते. दुखू न देता ती बसवणारा हात मात्र सरावानेच तयार होतो. शिवाय, पांढरे जाण्याच्या तक्रारीवर नीट तपासणी व उपचार झाले, तर “पिशवी काढून टाका” या सल्ल्यापर्यंत अनेक स्त्रियांना जावेच लागत नाही.

कायदा तोंडपाठ हवा, कारण या क्षेत्रात भीतीपोटी फार नुकसान होते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, आणि वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान, नियमांत नमूद केलेल्या स्त्रियांसाठी, दोघांचे मत लागते. एमबीबीएस डॉक्टरलाही यात स्थान आहे. शासनमान्य प्रशिक्षण केंद्रात पंचवीस गर्भपातांत साहाय्य केले असेल आणि त्यांतील किमान पाच स्वतः केले असतील, तर बारा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी तो पात्र ठरतो; अर्थात गर्भपात मान्यताप्राप्त जागीच करावा लागतो. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. तरीही ती मागितली जाते आणि त्या एका सहीसाठी स्त्रीचे आठवडे वाया जातात. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा वेगळा आहे; त्याच्या धास्तीने कायदेशीर गर्भपातालाही नकार देणे हे मला रुग्णावर अन्याय करणारे वाटते.

संशोधन हे मोठ्या संस्थांचेच काम असते, या समजालाही महाराष्ट्रातच उत्तर मिळालेले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि त्याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. पाळणा लांबवण्यापलीकडे स्त्रीच्या आरोग्याकडे पाहायला त्या अभ्यासाने भाग पाडले, म्हणून नव्या डॉक्टरने तो मुळातून वाचावा.

आपल्या संशोधनाचा प्रश्न आपल्या रजिस्टरमध्येच सापडतो. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. पहिला डोस घेतलेल्या अनेक जणी दुसऱ्याला येत नाहीत. विचारले तर कुणी सांगते की मध्येच डाग जातात, तर कुणाची पाळी बंद झालेली असते आणि रक्त आत साठत असेल या भीतीने ती धास्तावलेली असते. पहिल्या डोसच्या आधीच हे समजावून सांगितले तर किती फरक पडतो, हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो. मात्र नीतिसमितीची (संशोधन रुग्णांच्या हिताचे आहे ना, हे तपासणारी समिती) मंजुरी मिळाल्यावरच माहिती गोळा करायला सुरुवात करावी आणि संमती स्वतः घेऊ नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरला “नाही” म्हणणे रुग्णाला जड जाते, म्हणून ते काम उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे द्यावे. औषधाची किंवा समुपदेशनाची चाचणी असेल, तर पहिली सहभागी नोंदवण्याआधी त्या चाचणीची सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करावी.

सध्या मला पडलेला प्रश्न द्राक्षांच्या हंगामाचा आहे. पेठ-सुरगाण्याच्या स्त्रिया मजुरीसाठी निफाड-दिंडोरीच्या बागांवर जातात आणि इंजेक्शनची तारीख नेमकी छाटणी-काढणीच्या दिवसांत येते. गावातील आशाताईंकडे त्यांची नोंद असते, बागेजवळच्या उपकेंद्रात नसते. पुढचा डोस कुठे मिळेल, हे स्त्रीच्या कार्डावर आधीच लिहून दिले तर तो चुकण्याचे प्रमाण घटते का, हे तपासण्यासाठी मी प्रस्ताव लिहीत आहे.