ग्वाटेमालात इंग्रजी शिकवायला जाताय? या चुका टाळा

नव्या मंडळींचं सगळं लक्ष टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या) सर्टिफिकेटवर असतं. ते हवंच, पण माणसं अडकतात ती भलतीकडेच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे '९० दिवस संपत आले की सीमा ओलांडून परत येऊ' हा हिशोब. ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास आणि निकाराग्वा यांचा सीए-४ करार आहे. पर्यटकाचे ९० दिवस या चारही देशांत मिळून मोजतात. अँटिग्वा शहरात माझ्यासोबत शिकवणारा एक मुलगा हे ऐकूनच घेईना. कुणीतरी फेसबुकवर लिहिलेलं त्याला पुरेसं वाटलं. शनिवारी बसने एल साल्वाडोरला गेला, समुद्रात डुंबून रविवारी परतला. पुढे मायदेशी निघताना विमानतळावर अधिकाऱ्याने पहिल्या प्रवेशाच्या तारखेवर बोट ठेवलं आणि जादा दिवसांचा दंड वसूल केला. मुदत नव्याने हवी तर चौघांच्या बाहेर जावं लागतं: मेक्सिको, बेलीझ किंवा कोस्टा रिका. भारतीय पासपोर्टवर तिथल्या व्हिसाचे नियम आधी बघून ठेवा. शिवाय पर्यटक म्हणून राहायची मुदत मिळाली म्हणजे नोकरीची परवानगी मिळाली असं नाही. वर्क परमिटबद्दल शाळेकडून लेखी उत्तर आल्याशिवाय मी तिकीट काढत नाही.

पदवीवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) भारतातूनच करून आणा.

ऑक्टोबरात नोकरी शोधायला येऊ नका. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होऊन ऑक्टोबरात संपतं.

मुलांच्या तोंडून 'आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स' ऐकून हसू नका, स्पॅनिशमध्ये वय असंच सांगतात.

आणि सगळ्यांची मातृभाषा स्पॅनिशच आहे असं धरून चालू नका. या देशात २२ माया भाषा आहेत. केत्साल्तेनांगो शहराच्या आसपासच्या वर्गांत घरी किचे ही माया भाषा बोलणारी मुलं असतात. त्यातल्या कित्येकांची स्पॅनिशही शाळेत येऊनच पक्की होते. त्यांना स्पॅनिश-इंग्रजी शब्दांच्या याद्या वाटून 'समजलं का?' विचारलं की 'येस, टीचर' असंच उत्तर येतं. नवखा शिक्षक खूश होऊन पान उलटतो. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण मागे पडलेलं मूल तोंडातून अवाक्षर काढत नाही. मी बाजारातून आणलेली टोपली टेबलावर ठेवते: अवोकाडो, मक्याची कणसं, मिरच्या. एकाने इंग्रजीत भाव सांगायचा, दुसऱ्याने केत्साल या इथल्या चलनाच्या खऱ्या नोटा मोजून द्यायच्या. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'मध्ये गोंधळ असेल तर हातातल्या नोटांवरूनच दिसतो. मग त्या दिवशी पान उलटत नाही.