हाकेनक्रॉइझ पुसलेलं विमान : जुने फोटो वाचताना आणि मॉडेल रंगवताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाच्या शेपटीवर हाकेनक्रॉइझ हे नाझींचं चिन्ह दिसलं नाही, की वैमानिक हिटलरविरोधी होता असं ठरवून टाकलं जातं. (आपण उंबरठ्यावर काढतो त्या स्वस्तिकाशी गल्लत नको, म्हणून जर्मन शब्दच वापरतोय.) ही सगळ्यात मोठी चूक.

आधी साधं कारण तपासा. या चिन्हाच्या सार्वजनिक वापरावर जर्मनीत कायद्याने निर्बंध आहेत. त्यामुळे मॉडेलच्या खोक्यावरच्या चित्रात शेपूट अनेकदा कोरी असते. डिकॅलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांच्या, कागदावर ते चिन्ह नसतं, किंवा दोन तुकड्यांत छापलेलं असतं. खोक्यावरचं चित्र हा पुरावा नव्हे, मूळ फोटो शोधा.

चिन्ह खरोखर पुसल्याचं उदाहरण आहे, पण ते एका ठरावीक तुकडीचं आणि काळाचं. जेजी 53 या लढाऊ दलाच्या मेसरश्मिट 109 विमानांच्या नाकावर इस्पिकचा एक्का असे. 1940 च्या उन्हाळ्यात, इंग्लंडवरची हवाई लढाई पेटलेली असताना, हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने तो काढायला लावला आणि त्या जागी नाकाभोवती लाल पट्टा आला. दलाचे प्रमुख फॉन क्रामोन-टाउबाडेल यांची पत्नी ज्यू वंशाची होती, म्हणून ही शिक्षा, असं सांगितलं जातं. यावर मुख्यालयाच्या आणि तिसऱ्या गटाच्या वैमानिकांनी आपल्या शेपट्यांवरचं हाकेनक्रॉइझच रंगाखाली झाकलं. ऑक्टोबरमध्ये फॉन माल्टझान प्रमुख झाले आणि पुढे एक्का परत आला. म्हणजे लाल पट्टा आणि कोरी शेपूट ही जोडी त्या मोजक्या महिन्यांतलीच. 1942 च्या विमानावर ती रंगवू नका.

फोटोत पट्टा काळा दिसतो म्हणून तो काळा रंगवणारे पुष्कळ आहेत. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तो काळा उमटायचा, पिवळाही गडद यायचा. शेपटीवर मात्र भिंगाने पाहा. झाकलेल्या जागेचा रंग भोवतीच्या रंगाशी पूर्ण जुळत नाही, तिथे चौकोनी ठिगळ दिसतं.

पिवळं नाक म्हणजे खास निवडक तुकडी, हा समज तेव्हा ब्रिटिशांचाही होता. ऑगस्ट 1940 च्या अखेरीपासून दिसणारा तो पिवळा रंग आपलं विमान चटकन ओळखू यावं यासाठी होता. त्यात राजकारण शोधू नका.

आता मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जेजी 53 च्या वैमानिकांना नाझीविरोधी वीर करू नका. त्यांना आपल्या प्रमुखाचा आणि चिन्हाचा अपमान झोंबला होता. ब्रश हातात घेण्याइतकं धैर्य त्यांनी दाखवलं, हे खरंच. पण तीच विमानं रोज त्याच राजवटीसाठी इंग्लंडवर झेपावत होती. दोन्ही गोष्टी लिहा.

उलट चूक जेजी 54 या दुसऱ्या लढाऊ दलाचा प्रमुख राहिलेल्या हानेस ट्राउटलोफ्टच्या बाबतीत होते. जेजी 54 चं हिरवं हृदय ही त्याने आणलेली खूण. त्याचा जन्म थुरिंगियातला, आणि त्या प्रांताला जर्मनीचं हिरवं हृदय म्हणतात, एवढाच तिचा अर्थ. त्याने 1944 मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीत अडकलेल्या दोस्त राष्ट्रांच्या दीडशेहून अधिक वैमानिकांना हवाई दलाच्या युद्धकैदी छावणीत हलवायला मदत केली, पण ते काम विमानाच्या रंगाशी जोडू नका. मॉडेलखालच्या पाटीवर हृदयापुढे फक्त 'थुरिंगिया' लिहा, आणि बुखेनवाल्डची नोंद वेगळ्या ओळीत ठेवा.